वृंदाकाकूंची लक्षवात

कलकत्त्याच्या बहूबाजारातल्या त्या तीनमजली घरात दातारांच्या वृंदाकाकूंना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याचं कारण त्यांचे हात. तोंडही काही कमी नव्हतं म्हणा! पण दुधाचं बोट लावून त्या कापसाची वात वळायला बसल्या, की वात अशी व्हायची की तेल संपेस्तोवर काजळी धरायची नाही. घरमालकीण सुनीतीदी आपल्या तुळशीपुढच्या दिव्यासाठी वाती त्यांच्याकडूनच न्यायच्या.

काकूंचे यजमान श्यामकांत खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. आदल्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा काकूंनी देवापुढे पदर पसरला. ह्यांना उठवून बसव, लाख वाती वळून तुझ्यापुढे लावीन. नवरा उठला, आणि लक्षवातीचा नवस आला. तो फेडायचा म्हणजे वाती स्वतःच्या हाताच्या, सोवळ्यात वळलेल्या आणि देवकापसाच्याच हव्यात. माहेराहून कापूस आला. सरकी काढ, पिंज, वळ, मोज, जुडी बांध, ट्रंकेत ठेव. वर्षभर दुसरा उद्योग नाही. त्रिपुरी पौर्णिमेला उद्यापन ठरलं आणि त्यासाठी थोरल्या नणंदबाई सरलावन्सं पुण्याहून भादव्यातच येऊन दाखल झाल्या. वन्सं म्हणजे सोवळ्याओवळ्याची चालतीबोलती पोथी. आई गेली तेव्हा श्यामकांत रांगत होते. वन्संनीच त्यांना कडेवर वाढवलं होतं.

वरच्या मजल्यावर फ्लोराबाई राहायच्या. बगदादी यहुदी, एकट्या, विधवा. त्यांची माणसं एकेक करून लंडनला निघून चालली होती, आणि प्रार्थनामंदिरातल्या दिव्यांच्या वाती करायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं. वर्षातला त्यांचा सर्वांत मोठा उपास संध्याकाळी सुरू व्हायचा होता, आणि नेमकं आदल्या रात्रीच्या पावसात छप्पर गळून त्यांच्या सगळ्या वाती भिजून लगदा झाल्या. बाहेर हरताळ. दुकानं बंद, ट्राम बंद. सकाळी फ्लोराबाई काकूंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या की गेलेल्या माणसांच्या नावाने तिथे रात्रभर दिवे जळतात, यंदा जळणार नाहीत.

घरात सुटा कापूस बोटभरही उरला नव्हता. काकूंनी कनवटीची किल्ली काढली. मग त्यांनी ट्रंक उघडली.

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. "वृंदा, या मोजलेल्या वाती आहेत. माझ्या भावाच्या जिवाच्या."

"वन्सं, तिथेही देवापुढेच लागणार आहेत," काकू म्हणाल्या.

असं बोलल्या खऱ्या, पण भीती होतीच. नवऱ्याच्या जिवावरचा नवस. खेळ आहे का? तरी जुड्या ओटीत घेऊन त्या वर गेल्या. फ्लोराबाईंकडे दिव्याची तऱ्हा निराळी. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल, आणि कापूस गुंडाळलेली काडी त्यात उभी. काकूंनी नव्या खराट्याच्या काड्या काढल्या आणि आपली वात त्यांच्यावर अशी घट्ट गुंडाळली, की फ्लोराबाई बघतच राहिल्या.

संध्याकाळी फ्लोराबाई त्यांना बरोबर घेऊनच गेल्या. वर बायकांचा सज्जा होता, तिथे काकू नऊवारीत अंग चोरून बसल्या. खाली पांढऱ्या कपड्यातले पुरुष डुलत डुलत एका सुरात म्हणत होते. शब्द एक कळत नव्हता, पण देवाकडे मागताना आवाज कसा होतो ते काय शिकवावं लागतं? आणि समोर पेल्यापेल्यातून त्यांच्या वाती जळत होत्या. सरळ, बिनकाजळीच्या. काकूंची मान आपोआप ताठ झाली. तेवढ्यात फ्लोराबाई कानाशी वाकल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. काकूंनी हळूच उत्तर दिलं.

घरी मात्र महाभारत! नवस मोडला, असा वन्संनी निकाल दिला, आणि काकूंच्या हातचं पाणी घेणं सोडलं. माहेराहून नवा कापूस आला तेव्हा वन्संनी तो काकूंपुढे सरकवला, दिलेल्या तेवढ्या वाती पुन्हा वळ म्हणाल्या. काकूंनी हात लावला नाही. पुन्हा वळल्या, तर आधीच्या देवाला पोचल्या नाहीत असं आपणच कबूल केल्यासारखं होईल, हे त्यांचं म्हणणं. श्यामकांत दोघींच्या मधे सापडले. दोन्ही देवांकडे वशिला लागलाय, आता यम आला तरी गोदीतूनच परत जाईल, असं म्हणून हसवायला गेले, तर दोघी मिळून त्यांच्यावर उखडल्या.

त्रिपुरी पौर्णिमा उजाडली. घर माणसांनी भरलं. सुनीतीदी आल्या, फ्लोराबाई आल्या त्या दारातच थांबल्या. तुपात भिजवलेल्या वातींची रास समोर ठेवून गुरुजींनी विचारलं, लाख पुऱ्या झाल्या ना? काकूंनी वन्संकडे पाहिलं. वन्सं जमिनीकडे बघत होत्या.

"एवढ्या इथे आहेत, गुरुजी. बाकीच्या आधीच लागल्या," काकू म्हणाल्या. आवाज खाली आला नाही. "तिथे ह्यांचं गोत्र विचारलं नाही. आईचं नाव विचारलं. त्यांच्यात प्रार्थना तशीच करतात. भागीरथीचा श्यामकांत, असं म्हणत ही बाई रात्र-दिवस उपाशी बसली होती."

वन्संनी मान वर केली. भागीरथी. आईला जाऊन किती वर्षं झाली, जिवंत लेकराच्या आयुष्यासाठी तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. कोण घेणार? आपल्यात विचारतात ते बापाचं. श्यामकांतांनी उठून बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुऱ्या आहेत, गुरुजी," वन्सं म्हणाल्या. "लावा."

मग पदराने डोळे पुसत त्यांनी काकूंना झापलं, की त्या बाईंना दारात काय ताटकळत ठेवलंय. आणि सोवळं नेसलेल्या सरलावन्सं बाजूला सरकल्या आणि त्यांनी आपल्या पाटावर फ्लोराबाईंना जागा करून दिली.