जिवंत माणसाला हार

तो मोठा नट मुंबईत वारला, त्या दिवशी मी कामानिमित्त परगावी होतो. तिथल्या चौकात शोकसभा चालली होती. फोटोपेक्षा हा बरा, म्हणून चाहत्यांनी गावातल्या त्याच्या डुप्लिकेटलाच खुर्चीत बसवलं होतं. तरुणपणापासून त्या नटाची नक्कल करत जगलेला माणूस. तसेच केस, तसाच पांढरा सफारी. डोळे मात्र स्वतःचे, रडून सुजलेले. लोक येऊन त्याच्या गळ्यात हार घालत होते.

त्याला राहवलं नाही. हात जोडून म्हणाला, "माझा देव गेला हो..."

"ए, मेलेला बोलतो का? डोळे मीट!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. त्यानं मुकाट डोळे मिटले.

दुसऱ्याचा चेहरा जन्मभर वागवला की आपलं रडूही आपलं राहत नाही, असं मला वाटून गेलं. तेवढ्यात एकानं हसत हसत त्याच्या नाकात कापूस घातला.

माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई तरातरा पुढे गेली. कापूस काढून फेकत म्हणाली, "अहो, उठा. घरी चला."

डोळे न उघडताच तो बायकोला हळूच म्हणाला, "थांब गं जरा. लोक अजून येतायत."