दोऱ्यानं झिजलेलं भोक

त्या दुपारी आम्ही दोघं नवराबायको ओट्यावर पुतळीमाळ ओवत बसलो होतो. नातीला लग्नात घालायची म्हणून जुना दोरा काढून नवा घालत होतो. सुई मी ओवून द्यायचो, गाठ ती मारायची. निम्मी माळ झाल्यावर मंडळी म्हणाली, "आवो, त्या मास्तराच्या नाण्याचं लिवून काढा की. नुसतं ज्याला त्याला सांगत बसता. आन् मी हुते म्हणून लिवा. न्हाईतर सगळं फौजदाराच्याच टाळक्यातनं निघालं म्हणाल!"

त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माळ अर्धीच राहिली. आज लिहायला बसलोय.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालातली गोष्ट, पण तो तपास अजून जसाच्या तसा डोळ्यापुढं आहे. मी शिपायाचा चढत चढत फौजदार झालेला. शिक्षण सातवी. श्रीरामपूरकडच्या एका ठाण्यात होतो. एका व्यापाऱ्यानं फिर्याद दिली, की प्राचीन म्हणून घेतलेली सोन्याची दोन नाणी पितळेची निघाली, वर नुसता मुलामा. विकणारा दलाल आठवडे बाजारात जुनी भांडी, जुने डागदागिने घ्यायचा-विकायचा. त्याला आणला, तर तो हात जोडून म्हणाला, "सायेब, मी गरीब मानूस. मला बेलापूरच्या मास्तरानं दिली. तो घरातच पाडतो. झडती घ्या, तसलंच सापडंल."

घेतली झडती. शाळामास्तर एकटा माणूस, जुनी नाणी जमवायचा नाद. कापूस घातलेली लाकडी पेटी, तिच्यात तसलंच नाणं निघालं. तोच लांब नाकाचा परदेशी राजा, डोक्यावर तीच दोन भोकं. पंचनामा केला, पेटी मुद्देमालात घेतली. भर पेठेतून मास्तरला चालवत आणला. शाळेतली पोरं बघत होती. ही चूक माझी. गाडी मागवता आली असती.

मास्तर एवढंच म्हणाला, "साहेब, सोनाराच्या मुशीत वितळायला चाललेलं नाणं मी वाचवलं. दलालानं बघायला म्हणून ते चार दिवस नेलं होतं. आणि सोमवारी शाळेची समिती बसतेय. माझी नोकरी जाईल."

शहरातल्या एका जाणकाराला मास्तरचं नाणं दाखवलं. त्यानं भिंग लावलं आणि सांगितलं, "रोमच्या बादशहाचं म्हणतात, पण अक्षरांना काही अर्थच नाही. नुसत्या रेघोट्या आहेत. सोनं खरं असलं तरी नाणं नकली आहे." झालं! मास्तरविरुद्ध कागद तयार करायला बसलो.

शनिवारी जेवायला घरी गेलो, तर मंडळी पुतळीमाळ उसवून बसलेली. मी चिडलो. "ताट वाढायचं सोडून हे काय?"

"कड्या बगा की जरा. दोरा समद्या वरच्या अंगानंच खातोय. आईच्या गळ्यात हुती, मग माज्या. एकांदी पुतळी तुटून पडंल न्हाई का?"

मी जेवलो नाही. तसाच ठाण्यात गेलो, मुद्देमाल काढला, भिंग लावलं. व्यापाऱ्याच्या दोन्ही नाण्यांची भोकं गोल, कडा धारदार. मास्तरच्या नाण्याची भोकं वर ओढल्यासारखी लांबट, गुळगुळीत. कुणाच्या तरी गळ्यात पिढ्यान् पिढ्या लोंबलेलं नाणं ते. ते काल पाडलेलं असणं शक्य नव्हतं.

पण नवी कुणी पाडली? दलालाला बोलावलं, चहा पाजला. हात उगारला की माणूस तोंड मिटतो, नाक मुरडलं की बोलतो, हा माझा अनुभव. व्यापाऱ्याचं नाणं टेबलावर टाकलं आणि म्हणालो, "काय रे हे काम? भोकं तरी धड पाडायची. शेंबडं पोरगं ओळखंल!"

"मी सांगितलं हुतं त्याला, सायेब, भोकं घासून दे म्हणून, पन त्यो..." जीभ तिथंच थांबली. शेजारी लिहीत बसलेला हवालदार फिस्सकन हसला. संध्याकाळपर्यंत कारागीर, साचा, सगळं हाती आलं. रविवारी मी स्वतः समितीच्या अध्यक्षाच्या घरी जाऊन मास्तर निर्दोष असल्याचं लेखी दिलं. नोकरी राहिली.

पुढं पुण्याच्या एका मोठ्या विद्वानाचं पत्र आलं. नाणं रोमचं नव्हेच. पण आपल्याच मुलखातल्या कुणा सोनारानं दीड हजार वर्षांपूर्वी गळ्यात घालायला केलेलं. चेहरा जमला, लिपी येत नव्हती म्हणून रेघोट्या मारल्या. मला त्या सोनाराची माया आली. मीही पंचनामा असाच शिकलो. जुने कागद समोर ठेवायचे आणि अर्थ कळो न कळो, उतरवत सुटायचं. नक्कल करणारा प्रत्येक जण लबाड नसतो. त्याला कुणाला फसवायचं होतं का, ते आधी बघावं. एवढं मी त्या तपासात शिकलो.

मास्तरची पेटी परत द्यायचा कोर्टाचा हुकूम आल्यावर मंडळी म्हणाली, "जशी पेठेतनं आनली, तशीच पेठेतनं न्या." नेली. अंगावर वर्दी, हातात पेटी, शाळा भरायच्या वेळेला. पोरांच्या देखत मास्तरला नमस्कार केला.

हे काल लिहून झालं. आज सकाळी माळ काढली. सुई तशीच दोऱ्यात अडकलेली होती. उरलेल्या पुतळ्या ओवल्या. गाठी तिच्यासारख्या मारायला गेलो, त्या जाड आल्या. उसवल्या नाहीत. नातीला सांगितलं, "इथवर आजीच्या, इथनं पुढं माझ्या." तिनं तिथंच गळ्यात घातली.