सहीचा कार्बोरेटर

आता सांगायलाच बसलोय तर सांगतो, पण एका अटीवर. खरं-खोटं करायला घोडेगावात जाऊ नका. तिथं लोक ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी घोडेगावला एका कचेरीत कारकून. माझं गाव तिथून आठ किलोमीटरवर आणि सकाळची एसटी आली तर आली. म्हणून एका रिटायर गुरुजींची जुनी स्कूटर घेतली. चावी देताना गुरुजी म्हणाले, "एकेक पार्ट ओरिजिनल आहे हो, जपा."

झालं. त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली. मेस्तरी ओरिजिनल पार्ट काढून घेतो आणि डुप्लिकेट बसवतो, हे तर आमचा शिपाईसुद्धा सांगायचा.

आमचा मेस्तरी म्हणजे बबन. स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. इतक्या जुन्या स्कूटरला हात लावणारा तो एकटाच, बाकीचे लांबूनच हात जोडायचे. म्हणजे बबन रुसला की माझी नोकरी एसटीच्या मर्जीवर. बबन बोलायला कमी, कामाला चोख, वागायला सरळ. आणि मला नेमका सरळ माणसाचाच जास्त संशय येतो. वाकडा निदान दिसतो तरी.

मग मी बंदोबस्त केला. बायकोची गुलाबी नेलपॉलिश घेतली आणि स्कूटरच्या प्रत्येक पार्टवर बारीक सही ठोकली. नवा पार्ट पडला की त्याच्यावरही सही. शिवाय गॅरेजात एक रजिस्टर ठेवलं. रकाने मीच आखले: काढलेला पार्ट, टाकलेला पार्ट, जुना पार्ट परत मिळाला, सही.

बबन बघतच राहिला. "भाऊसाहेब, माज्याकडं ट्रकवालं येत्यात, ट्रॅक्टरवालं येत्यात. रजिस्टर कुनीच मागितलं न्हाई."

"म्हणूनच त्यांचे पार्ट जातात," मी म्हणालो.

सुरुवातीला मी प्रत्येक ओळ दोनदा वाचायचो. पण तुम्हाला माहितीये, कारकुनाचा हात. पुढं पुढं बबन रजिस्टर सरकवायचा आणि मी सही मारायचो. जुना पार्ट तो कागदात गुंडाळून डिकीत ठेवायचा, मी घरी नेऊन पलंगाखालच्या पोत्यात टाकायचो. उघडून कोण बघतंय?

एकदा बबन म्हणाला, कार्बोरेटर झिजलाय, नवा टाकावा लागंल. टाकला. मी नव्यावर सही ठोकली, रजिस्टरात सही मारली आणि पळालो, कारण साहेब लेटमार्क लावायला टपूनच बसलेले. स्कूटर मात्र त्या दिवसापासून एका किकमध्ये चालू. दुसरा कुणी खूश झाला असता. मला वाटलं, एवढी सुरळीत चालतीये म्हणजे काहीतरी गडबड आहे.

पाच-सहा महिन्यांनी मेव्हण्याला बैल घ्यायचा होता, म्हणून आम्ही बेल्ह्याच्या बाजारात गेलो. तो टेम्पोनं, मी स्कूटरवर. त्याचा सौदा चाललेला, तोवर मी फिरत होतो. एका कडेला एकानं ताडपत्रीवर भंगार मांडलेलं. साखळ्या, पाने, नटबोल्ट, आणि मधोमध एक कार्बोरेटर. त्यावर गुलाबी सही. माझी.

अंगावर काटा आला हो. सापडला चोर!

"हा कुठून आणला?" मी विचारलं.

"भंगारात आला, पावणं. घ्या की, चांगलाय."

"ही सही माझी आहे."

त्यानं कार्बोरेटर उचलला, सही नीट निरखली आणि परत ठेवला. "मंग याचं जास्त पडत्याल. सहीचा माल हाय."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी काय केलं ऐका. तिथंच बाजारात स्कूटर आडवी केली, पान्यानं बबनचा नवा कार्बोरेटर उतरवला, तो त्या गड्याला दिला, वर पैसे दिले आणि माझा ओरिजिनल घेतला. दोन बोल्ट, दोन केबली आणि पेट्रोलची नळी, त्यात अवघड काय आहे? बसवून उठलो तेव्हा कोपरापर्यंत काळा झालो होतो, पण छाती फुगलेली.

किक मारली. स्कूटर खोकली. पन्नास किका मारल्या. मग खोकायचीही थांबली.

शेवटी टेम्पोत बैलाशेजारी स्कूटर आणि स्कूटरला धरून मी, अशी वरात निघाली. नारायणगाव येईस्तोवर बैल माझ्याकडं टक लावून बघत होता. मला त्याचाही संशय यायला लागला.

टेम्पो सरळ गॅरेजपुढं लावला. "बबन्या," मी वरूनच ओरडलो, "माझा कार्बोरेटर बेल्ह्याच्या बाजारात विकतोस काय?"

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊनच आली. बबननं हात पुसले, आत गेला, रजिस्टर आणलं आणि पान काढून माझ्या हातात दिलं. काढलेला पार्ट: कार्बोरेटर. जुना पार्ट परत मिळाला. पुढं सही, अगदी ठळक.

आता तरी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "सही हुबेहूब केली आहेस."

मेव्हणा तोंड फिरवून हसायला लागला. बबन मात्र हसला नाही. "सतरा वर्सं गॅरेज हाय, भाऊसाहेब. चोर कुनी म्हनलं नव्हतं. गाडी दुसरीकडं दावा." एवढं बोलून तो एका ट्रॅक्टरच्या चाकाला लागला.

घरी गेल्या गेल्या पलंगाखाली वाकलो. पोतं नाही.

"ते पोतं होय?" बायको चहा ढवळत म्हणाली. "दिवाळीतच दिलं भंगारवाल्याला. त्याच्यावर हे पातेलं नाही का मिळालं?"

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तुम्ही हूं म्हणालात."

स्वतःची भयंकर लाज वाटली. ज्या एका माणसानं मला कधी फसवलं नाही, त्याला मी चार लोकांत चोर म्हणालो होतो.

आठ दिवस एसटीच्या नादी लागलो आणि पाच लेटमार्क खाल्ले. नवव्या दिवशी स्कूटर ढकलत गॅरेजला नेली. टपरी भरलेली होती. म्हटलं, जिथं बोललो तिथंच माफी मागावी.

"बबन, चुकलं माझं. चोर तू नव्हतास, मीच आंधळा होतो."

बबननं हातातला पाना खाली ठेवला. मग फळीवरून कागदाची एक पुडी काढली. आत कार्बोरेटर, त्यावर गुलाबी सही. मी बाजारात देऊन आलो होतो तोच नवा.

"तुमच्या मेव्हन्याकडनं कळलं, म्हनून काल बेल्ह्याला गेलतो," तो म्हणाला. "त्या ताडपत्रीवाल्याकडं घावला. लई महाग लावला त्यानं. म्हनला, सहीचा माल हाय."

अर्ध्या तासात बसवला. एका किकमध्ये चालू. माझा जीव भांड्यात पडला. बबननं रजिस्टर पुढं केलं. "मोठ्यानं वाचा, मंग करा."

टपरीवरचे सगळे ऐकत होते. मी शाळेतल्या पोरासारखी ओळ न् ओळ वाचली आणि खाली सही केली.

बबननं रजिस्टर उजेडाकडं धरलं. मागचं पान काढलं. एकदा ती सही बघितली, एकदा ही. मग मान हलवली.

"हुबेहूब न्हाई वाटत, भाऊसाहेब. परत करा."

तीनदा केली.