देवळीतली भरती

१२ मे, रविवार. सकाळी साडेसहाला मी माझ्या चुलत दिरांच्या परसात बसून नोनीच्या झाडाच्या आळ्यातलं मीठ खुरप्याने खरवडत होते. मीठ म्हणजे चिमूटभर नव्हे, भाकरीएवढ्या जाड खपल्या निघत होत्या. वर्धा जिल्ह्यात कापूस पिकवणारे पुष्कळ, सोयाबीन पिकवणारे त्याहून पुष्कळ. पण देवळीत बसून समुद्र पिकवायला निघालेला माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला.

भाऊजींची सगळी नोकरी कालव्याच्या गेटवर गेली. पट्टीवर पाणी किती चढलं, किती उतरलं, हे दिवसातून तीनदा वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, सवय सुटली नाही. टाकी, माठ, दुधाचं पातेलं, सगळ्यांना आतून खुणा केलेल्या. आमच्याकडे चहाला आले की आधी कपात डोकावणार. "वहिनी, मंगळवारपेक्षा अर्धं बोट कमी आहे." मी म्हणायची, "मंगळवारी दूध उरलं होतं, भाऊजी." मग ते समाधानाने मान हलवून प्यायचे. कमी असल्याचं त्यांना दुःख नसे, कारण कळलं की पुरे. जाऊबाई होत्या तोवर या मोजमापाला थोडा लगाम होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करतो. चार वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्याने तेलाच्या डब्यात हे रोप आणलं. "बाबा, हे समुद्राकाठचं झाड आहे. खाऱ्या मातीतही जगते," एवढंच तो म्हणाला आणि महिन्याभराने जहाजावर गेला. जगतं म्हणजे त्याला तेच लागतं, असा भाऊजींनी अर्थ घेतला. ज्या बंदरातून पोरगा चढला, तिथल्या भरतीच्या वेळा ते फोनवर बघू लागले, कॅलेंडरवर उतरवू लागले आणि बरोबर त्या मिनिटाला झाडाला बादलीभर मिठाचं पाणी देऊ लागले. माझ्या भाचीच्या लग्नात भरल्या पंगतीतून उठले. "भरती लागली, वहिनी. माही जिलबी झाकून ठेवजा." किराणावाल्याने मला एकदा हळूच विचारलं, "तुमच्या भाऊजीनं लोणच्याचा कारखाना टाकला काय?"

झाड मात्र वाढलं. दर पावसाळ्यात मीठ धुऊन जायचं, त्यामुळे तगलं असणार. तळहाताहून मोठी चकचकीत पानं, आणि फळ बटाट्याएवढं, अंगभर डोळे असलेलं. पिकलं की ते पांढरं पडतं, मेणासारखं अर्धपारदर्शक होतं आणि असा वास सोडतं की आमची मांजर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. भाऊजी ती फळं काचेच्या बरणीत भरून उन्हात ठेवत, महिन्या-दोन महिन्यांनी काळा रस गाळत आणि रोज सकाळी एक चमचा घेत, नाक न दाबता. गुडघ्यावर शेकलेलं पान बांधून बाजारात जात. गुडघा सुधारलाही. माझ्या मते तो बादल्या वाहून सुधारला, पण ते मी बोलले नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. पण एकदा भर दुपारी मी ताट परत द्यायला गेले, तर ते झाडाखाली स्टुलावर बसलेले. "कळी आली, वहिनी. आज पोरगा फोन करते." मी हसले. ताट खाली ठेवायच्या आत फोन वाजला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा एका रात्रीत ओंजळभर पानं गळली. आठ दिवसांनी फोन आला तेव्हा पोरगा म्हणाला, त्या रात्री त्यांचं जहाज वादळात होतं. मी योगायोग मानते. तरी त्यानंतर त्या परसात गेले की माझा आवाज आपोआप खाली येई. दुपारी कुठेच वारा नसताना ती पानं वाजत. भाऊजी सरळ वरून बादली ओतत, पण वाळलेल्या आळ्यावर मिठाच्या रेषा उठत त्या एकामागे एक, वाळूवरून पाणी मागे गेल्यासारख्या. मी चपलेने त्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच.

यंदा मार्चअखेरीपासून पोराचा फोन नाही. एप्रिलात पानं पिवळी पडली, मे लागला तसं झाड बोडकं झालं. उरली फक्त पांढरी फळं, सगळ्या डोळ्यांनी घराकडे बघत लटकलेली. म्हणून त्या रविवारी मी खुरपं घेऊन गेले.

"भाऊजी, झाड मारून राह्यले तुमी. पानं मिठानं गळून राह्यली, दुसरं काही नाई."

"पह्यले फोन बंद झाला, वहिनी. मंग मी मीठ वाढोलं."

"आन् मंग पानं गळली."

"हो."

"मंग?"

"मंग अजून वाढोलं."

मी खुरपं खाली ठेवलं. परसदाराच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी जहाज कंपनीच्या माणसाचा नंबर पोराने स्वतः लिहून चिकटवलेला होता. "याले फोन केला काय?"

"रोज लावतो. शेवटचा आकडा दाबत नाई."

"काऊन?"

त्यांनी गुडघ्यावरचं वाळकं पान सारखं केलं. "झाड कसं, हळूहळू सांगते, वहिनी. तो माणूस एकदमच सांगन."

मी एवढंच म्हटलं की आज रविवार आहे, उद्या दहा वाजता मी लावते. ते उठले, आत गेले, दारातूनच मागे वळले. "मले सांगू नोका. झाडापाशी उभ्या राहून फोन करजा. पोरगा बरा असन तर झाडाले गोडं पाणी टाकजा, मी खिडकीतून पाहीन. नसन तर हात धुऊन घरी जाजा. मले समजते."

सोमवारी दहाला मी झाडाखाली उभी राहिले. माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही, म्हणून खिडकीकडे पाठ केली. पलीकडचा माणूस सभ्य होता. जहाजाशी अजून संपर्क झालेला नाही, म्हणाला. बरं की वाईट, आज काहीच सांगता येणार नाही. गुरुवारी पुन्हा विचारा. मी "बरं" म्हटलं आणि फोन कमरेला खोचला.

मीठ खाली न्यायचं तर त्या मातीला भरपूर गोडं पाणी द्यावंच लागणार होतं, फोन काहीही सांगो. मी बादली उचलली आणि आळ्यात रिकामी केली. पाणी क्षणभर उभं राहिलं, मग एका बाजूने मागे सरत सरत जिरलं. माझ्यामागे खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. बादली घेतली आणि पुन्हा भरायला नळाकडे गेले.