चार बोटं खाली

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात टेम्पोच्या कारखान्यात सहा वर्षं काढून मी इंग्लंडला आले, ती एका जपानी कंपनीच्या डिझाइन ऑफिसात. काम काय, तर छोट्या मालवाहू व्हॅनचं मागचं फ्लोअर, म्हणजे माल ठेवतात तो तळ. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढं शिकून?" तिला काय सांगणार, त्याच तळापायी मी अख्ख्या ऑफिसशी भांडत होते.

जपानी छोट्या व्हॅनवर माझा जीव आहे. तिकडच्या गल्ल्या अरुंद, त्यात सरकारनेच लांबी-रुंदी आणि इंजिन किती ते आखून दिलेलं. तेवढ्यात त्या लोकांनी सगळा संसार बसवला. इंजिन सीटखाली ढकललं, दारं सरकती केली, चाकं पार कोपऱ्यांत नेली. आपल्याकडे शाळेची पोरं कोंबून नेणारी चपट्या तोंडाची व्हॅन त्याच घराण्यातली. युरोपात अपघातातल्या टकरीचे नियम कडक, म्हणून इथल्या नव्या गाड्यांना पुढे नाक काढावं लागलं आणि इंजिन त्या नाकात गेलं. मागे मात्र दोन चाकं जोडणारा तोच जुना जाडजूड ॲक्सल राहिला, आणि त्याच्यावर बसायचं म्हणून फ्लोअरही उंचच राहिलं.

मला तिथे नवं, आटोपशीर सस्पेन्शन हवं होतं. फ्लोअर चार बोटं खाली आलं असतं. जपानहून उत्तर आलं, जुना ॲक्सल स्वस्त आहे, भरवशाचा आहे, चार बोटांनी असा काय फरक पडतो?

फरक कोणाला पडतो ते मला पक्कं माहीत होतं. कॉव्हेंट्रीला पहिलं वर्षभर मी एका काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले होते. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. ते गेल्यावर काकू स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या. बारशी, डोहाळजेवणं, मंडळाचे कार्यक्रम. गाडी आमच्याच कंपनीची, पण जुनी आणि उंच. आमटीचं भरलं पातेलं कमरेच्या वर उचलायचं, गुडघ्याचा टेका द्यायचा आणि आत लोटायचं, असं त्यांनी कित्येक वर्षं केलं. मग कंबर गेली. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने सांगितलं, उचलणं बंद करा, नाहीतर धंदा बंद करा.

"बंद करून काय करू?" काकू मला म्हणाल्या. "दिवसभर टीव्हीशी बोलू? चार माणसं जेवून 'छान झालंय' म्हणतात, त्यावर मी जगतेय गं."

शेवटचा निर्णय घ्यायला जपानहून मोठे साहेब येणार होते. साठीचे, अगदी कमी बोलणारे. त्यांची एक पद्धत होती. आधी गाडी वापरणारा माणूस बघायचा, मग ड्रॉइंग. मी म्हटलं, चला, माणूस दाखवते. शनिवारी काकूंकडे एका डोहाळजेवणाची ऑर्डर होती. त्या पातेली गाडीत कशी चढवतात ते साहेबांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच बेत. काकूंना फोन करून सांगितलं, "आमचे साहेब तुमचं काम बघायला येतायत."

शनिवारी दारात पोचलो तर उंबऱ्यापुढे रांगोळी. काकू ठेवणीतल्या साडीत. साहेबांनी न सांगता बूट काढले, तशी काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वळण आहे हो माणसाला." आत टेबलावर श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. स्वयंपाकघरात मात्र एक पातेलं दिसेना.

"काकू, पातेली कुठंयत?"

"चढवली की गाडीत. शेजारच्या दोघा पंजाबी भावांना सकाळी सहालाच बोलावलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तुम्ही ती कशी उचलता तेच बघायला आलेत ते. एवढ्या लांबून."

"मग पाहुण्यासमोर कण्हत-कुंथत ओझी वाहू? पहिल्यांदा घरी आलाय माणूस. बसव त्याला, पुऱ्या गार होतायत."

चूक माझीच. मराठी बाईला 'पाहुणा येतोय' म्हणून कळवलं, तर ती घर आवरणार, दुखणं झाकणार आणि वाढायला घेणार, हे मला कळायला नको? साहेबांनी नऊ पुऱ्या खाल्ल्या. मी मोजत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. संध्याकाळी त्यांचं विमान होतं.

जेवण झाल्यावर साहेब म्हणाले, डोहाळजेवणाच्या हॉलवर मीही येतो. मला वाटलं, केवळ सभ्यपणा. हॉलवर पोचलो तर सामान उतरवायला येणारी दोन माणसं रिंग रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलेली. काकूंनी पदर खोचला. तेवढ्यात साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"अगं, सांग त्यांना. पाहुण्याने हात लावायचा नसतो."

मी सांगितलं नाही. त्या दिवसातलं शहाणपणाचं काम मी तेवढं एकच केलं.

पातेल्याचा एक कान साहेबांनी धरला, दुसरा मी. साहेब माझ्यापेक्षाही बुटके. पातेलं फ्लोअरच्या काठावरून सुटलं तेव्हा त्यांचे हात छातीशी होते. झाकण सरकलं आणि आमटीचा लोंढा टाय, शर्ट करत पार पँटपर्यंत गेला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी पातेलं नीट जमिनीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि काकूंना इंग्रजीत विचारलं, "हे रोज कोण करतं?"

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी. एकटी." आणि प्रथमच, पाहुण्यासमोर, त्यांनी कंबर धरली.

साहेबांनी खिशातून टेप काढली. जमिनीपासून फ्लोअरपर्यंतचं माप घेतलं. मग काकूंची परवानगी मागून जमिनीपासून त्यांच्या कमरेपर्यंतचं. दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले.

तीन आठवडे मी उठता-बसता ईमेल तपासत होते. मग जपानहून एका ओळीचं ईमेल आलं, नवं सस्पेन्शन मंजूर. मी टॉयलेटमध्ये जाऊन हमसून हमसून रडले.

गाडी बाजारात यायला पुढे दोन वर्षं लागली. तोवर काकूंनी ऑर्डरी कमी केल्या, पंजाबी भावांच्या जिवावर कशाबशा रेटल्या. पहिल्या गाड्या आल्या तशी एक मी ऑफिसातून शनिवारपुरती मागून घेतली आणि थेट त्यांच्या दारात नेऊन लावली. त्या दिवशी एका बारशाची ऑर्डर होती. काकूंनी गाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रंग बरा आहे." मी मदतीला पुढे झाले तर हात झटकला.

त्यांनी भरलं पातेलं उचललं. कमरेपर्यंतही नाही. काठावर टेकवलं, आत सरकवलं, दार लावलं. आणि डोळे मिटून, कमरेवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. कळ यायची वाट बघत होत्या. बराच वेळ गेला.

मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "चल, दुसरं आण."