ऐतवारचे पाहुणे

सोमवारी सकाळी ते आधी पँटच्या गुडघ्यांवरचा वाळलेला चिखल नखानं खरवडायचे, मग टाइपरायटरवरचं झाकण काढायचे. अंबडच्या कोर्टासमोर लिंबाखाली त्यांची नि माझी, दोघा टायपिस्टांची टेबलं शेजारी शेजारी होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

"पाहुणे आलेत बरं का!" हिवाळा लागला की ते सांगायचे. "पार सैबेरियाहून. ना पासपोर्ट, ना खर्चा."

पाहुणे म्हणजे टिलवे. चिमणीहून लहान, मातकट पाखरं. गावाबाहेरच्या तलावाचं पाणी मागं सरकलं की उघड्या चिखलात चोची खुपसत तुरुतुरु पळायची. तुम्हीही म्हणाल, यात बघायचं काय? मी एकदा तसं म्हणालो, तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. चहा मात्र माझाच प्यायले.

एकदा त्यांच्या बायकोनं मला बाजारात गाठलं. चेहरा उतरलेला.

"भाऊजी, खरं सांगा. हे दर ऐतवारी इस्त्रीचा शर्ट घालून कुठं जाऊन राह्यलेत? इचारलं तं म्हन्तेत, पाहुण्यांकडं. कोन्ते पाहुणे? मला तं काई बराबर दिसंना."

मी पाखरांचं सांगितलं. त्यांना ते बिलकुल पटेना. शेवटी रविवारी मीच त्यांना तलावावर घेऊन गेलो. बघतो तर हे इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात पालथे पडलेले!

"ह्यांच्यासाठी?" वहिनी पाखरांकडं बघत म्हणाल्या. "अहो, मंग घरी सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तं हसली असतीस," ते पडल्या पडल्याच म्हणाले.

वहिनी खरंच हसल्या, पोट धरून. मग काठावर बसल्या, आणि ऊन उतरलं तरी उठेनात. पुढं दर रविवारी दोघं भाकरी बांधून निघायचे, आणि काठावर बसून ते वहिनींना अखंड पाखरांचं सांगत राहायचे. लिंबाखाली आम्ही त्यांना नवरदेव म्हणून चिडवायचो, आणि ते चक्क लाजायचे.

काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. तलाव तेव्हा कोरडा होता आणि टिलवे कधीच उत्तरेला परतले होते.

त्या हिवाळ्यात वहिनींनी निरोप धाडला म्हणून मी तलावावर गेलो. दोघंही गप बसून राहिलो. टिलवे चिखल टिपत टिपत जवळ येत गेले. एक तर वहिनींच्या पायाशीच चोच खुपसू लागला.

"इतके जवळ कधीच आल्ते न्हाईत," त्या अगदी हळू म्हणाल्या. "येतील कसे? ह्यांचं तोंड कुठं बंद असायचं!"

 हुंदक्यानं पाखरं उडतील म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात दाबून धरला.