पांढरा धूर

दुखणं ओळखण्यात आमच्या डॉक्टरांचा हात धरणारा माणूस सबंध पाथर्डी तालुक्यात झाला नाही, मग ते दुखणं माणसाचं असो नाहीतर चार सिलिंडरच्या इंजिनाचं. त्यातही खरं सांगायचं तर माणसं त्यांनी पोटापाण्यासाठी पत्करली होती. जीव होता तो इंजिनावर. त्यांची गाडी म्हणजे दोन मालकांकडून फिरून आलेली, करड्या रंगाची एक छोटी वस्तू होती. तिच्यात चार माणसं बसत आणि पाचवं धक्का मारायला लागे. मी शेजारी राहणारा, शाळेतला मास्तर, सुट्टीत तर पूर्ण रिकामा, म्हणून ती नेमणूक बहुतेक माझ्याकडे असे.

गाडी रस्त्यात बंद पडली की कोणीही वैतागतो. डॉक्टरांचा चेहरा मात्र अशा वेळी उजळायचा. बाह्या सरसावून ते बॉनेट उघडत आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी जमलेल्या मंडळींना दोष समजावून देत. उन्हात पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन ते कसं अडतं, पंपावर ओलं फडकं का ठेवायचं, पॉइंटांवर काजळी धरली की ठिणगी कशी मंदावते, हे सगळं अगदी पहिल्यापासून. धुरावर तर त्यांचा फार विश्वास. काळा धूर म्हणजे गाडी पेट्रोल नुसतं गिळते, पचवत नाही. निळा म्हणजे रिंगा झिजल्या, ऑइल जळतंय. आणि पांढरा म्हणजे पाणी जिथे जायला नको तिथे जातंय. एकदा भर आठवडी बाजारात त्यांनी एका बांगडीवाल्याच्या हातात डिस्ट्रिब्युटरचं झाकण दिलं आणि वीस मिनिटं त्याला ठिणगीचा प्रवास सांगितला. शेवटी तो बिचारा हळूच म्हणाला की सायेब, गिऱ्हाईक खोळंबलंय. लोकांना ज्ञानाची हौस कशी ती उरली नाही, असं डॉक्टर मला परतीच्या वाटेवर तीनदा म्हणाले.

दवाखान्यात रोग्यांच्या बरोबरीनं गाडीचाही केसपेपर होता. वय नऊ वर्षं. तक्रार, चढावर धाप लागणे, उन्हात अंग तापणे, पाणी फार लागणे. खाली सुवाच्य अक्षरांत निदान. उपचाराचा रकाना मात्र कोरा. निदान बिनचूक झालं की रोग निम्माअधिक बरा झाला, असं डॉक्टरांना मनापासून वाटत असावं. गावातल्या मेकॅनिकला तर ते इंजिनाच्या हेडला बोट लावू देत नसत. तो हातोड्यानं विचार करतो, असं त्यांचं त्याच्याविषयी मत होतं.

दुष्काळाच्या त्या वर्षी गाडी भलतंच पाणी पिऊ लागली. विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायला गेलेली, आणि आमची गाडी दहा मैलांत एक डबा संपवायची. मागून पांढरा धूर. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा एक पातळ पत्रा असतो, तो जळाला होता, आणि रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये झिरपून वाफ होऊन उडत होतं. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं. पुण्याहून नवं गॅस्केट मागवलं. ते आलं आणि दवाखान्यात कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलं गेलं, तीन महिने. येणाऱ्याजाणाऱ्याला डॉक्टर छडीनं त्यातली भोकं दाखवत. एका रविवारी त्यांनी हत्यारंही काढली होती. पण आम्ही तिघंचौघं चहाला जमलो आणि हेड उघडल्यावर आत काय काय दिसेल हे त्यांनी दीड तास इतकं रंगवून सांगितलं, की मग ऊन चढलं आणि काम राहिलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात डोंगराकडच्या एका गावाहून सकाळीच सायकलवर निरोप आला. तिथल्या एका घरची सून बाळंतपणात अडली होती. आम्ही पाण्याचे दोन डबे घेऊन निघालो आणि दोन्ही डबे जातानाच संपले. डॉक्टरांनी बाईला तपासलं. मूल आडवं होतं. नगरला नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये मात्र थेंब नव्हता. टँकर दोन दिवसांपूर्वी येऊन गेलेला, पुढचा कधी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सासू घरात गेली आणि होता तेवढा एकुलता एक हंडा उचलून घेऊन आली. निम्मं ओतून झाल्यावर डॉक्टरांनी तिचा हात धरला. घरात पोरं आहेत, थोडं राहू द्या, असं काहीतरी ते पुटपुटले.

"न्हाई, समदंच वतते," ती म्हणाली. "सून पोचली पायजे."

तिनं हंडा उपडा करून शेवटचा थेंबसुद्धा आत निथळू दिला. आम्ही निघालो. मी मागे वळून पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही, कारण त्या घरातलं प्यायचं पाणी पांढरा धूर होऊन आमच्या मागे रस्त्यावर पसरत होतं. करंजी घाटाच्या अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं नाही. ते रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभे राहिले. पाऊण तासानं एक ट्रक मिळाला. दुपारी आम्ही नगरच्या दवाखान्यात पोचलो. बाई वाचली. मूल पोटातच गेलं होतं. अर्धा तास आधी आला असतात तर, असं तिथल्या डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी त्याच मेकॅनिकला गाडी ओढून न्यायला सांगितलं आणि खिळ्यावरचं गॅस्केट काढून त्याच्या हातात दिलं. पंधरा दिवसांनी त्या सुनेचा सासरा भेटायला आला. मी तिथेच होतो. पायरीवर बसून तो म्हणाला, "तुमची गाडी हुती म्हनून सून तरी हाताला लागली, डागदर."

डॉक्टरांनी त्याला आत खुर्चीवर बसवलं आणि काहीही न झाकता सगळं सांगितलं. दोष ठाऊक होता, नवा भाग इथे भिंतीवर टांगलेला होता, दिवसभराचं काम होतं आणि ते मी केलं नाही, असं ते म्हणाले. म्हाताऱ्याला किती कळलं, कोण जाणे.

"यंतराचं कुनाला काय सांगता येतंय," तो म्हणाला.

"येत होतं," डॉक्टर म्हणाले. "मी तीन महिने सांगतच होतो."

पुढे दोन वर्षांनी डॉक्टर गाव सोडून गेले. तोवर गाडी उत्तम चालत होती आणि तिच्याविषयी त्यांनी आमच्याकडे अवाक्षर काढलं नाही. मला त्यांची आठवण येते, त्यांच्या त्या रंगलेल्या व्याख्यानांची तर फारच येते, आणि आली की लाजही वाटते. कारण तीन महिने ते सांगत होते ते आम्हालाच. आम्ही कपबशी हातात घेऊन हसत ऐकत होतो, आणि डॉक्टर, पुरे झालं, आता ते हेड उघडा, एवढं आमच्यापैकी एकानंही म्हटलं नाही.